गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (२७ जुलै, १९३८:शिकागो, इलिनॉय, अमेरिका - ४ मार्च, २००८:लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन, अमेरिका) हे अमेरिकन खेळरचनाकार, लेखक आणि प्रकाशक होते. डेव्ह अर्नेसन यांच्यासह त्यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून खेळायच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांपैकी बाजारात आलेला हा पहिला खेळ समजला जातो.

या खेळात पट किंवा सोंगट्या असल्याच पाहिजेत असे नाही. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. खेळाच्या परिभाषेत त्यास डंजन मास्टर म्हणतात. तो एखादे काल्पनिक स्थळ, तेथील माणसे, राक्षस आणि संकटे मनाशी व कागदावर तयार ठेवतो. बाकीचे खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक. सूत्रधार समोर काय दिसते ते सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निकाल फाशांवर लागतो. कोणी कोणाला हरवत नाही आणि खेळाला ठरलेला शेवटही नसतो. ही रीत तोंडी सांगायला सोपी असली तरी पुस्तकावरून शिकायला अवघड आहे. गायगॅक्स यांच्या लेखनकार्याचा मोठा भाग ही अडचण निर्माण करण्यात आणि नंतर ती दूर करण्यात गेला, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

बालपण आणि जडणघडण

गायगॅक्स यांचे वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आलेले स्थलांतरित असून शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये व्हायोलिनवादक होते. वडिलांच्या नावावरून मुलाचे पहिले नाव ठेवले गेले आणि मधले नाव चित्रपट-अभिनेते गॅरी कूपर यांच्यावरून. पुढे आयुष्यभर ते मधल्या नावानेच ओळखले गेले. १९४६मध्ये हे कुटुंब शिकागो सोडून विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या छोट्या गावी, आईच्या माहेरी, राहायला गेले. हे गाव गायगॅक्स यांनी पुढे फार काळ कधीच सोडले नाही.

वडील झोपताना मुलाला राक्षस, चेटके आणि ड्रॅगन यांच्या गोष्टी रचून सांगत. पत्त्यांचे डाव आणि बुद्धिबळ यांची गोडी गायगॅक्स यांना शाळेत जाण्याच्या वयातच लागली. थोडे मोठे झाल्यावर स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अद्भुतकथांच्या मासिकांचे त्यांना वेड लागले. रॉबर्ट ई. हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हॅन्स आणि एच. पी. लव्हक्राफ्ट हे त्यांचे आवडते लेखक होते. त्यांच्या खेळावर या वाचनाचा ठसा स्पष्ट आहे. खेळातील मांत्रिक मंत्र पाठ करतो आणि एकदा वापरला की तो विसरतो, ही कल्पना सरळ व्हॅन्स यांच्या कथांतून घेतलेली आहे. एल्फ, बुटके आणि ऑर्क यांमुळे बहुतेक वाचक या खेळाचे मूळ जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांत शोधतात. गायगॅक्स मात्र हा प्रभाव वरवरचा असल्याचे सांगत. तरीही खेळाच्या पहिल्या आवृत्तीत हॉबिट, एंट आणि बॅलरॉग ही टॉल्किनची नावे होती आणि हक्कधारकांच्या आक्षेपानंतर ती बदलावी लागली, हेही नोंदवायला हवे.

जानेवारी १९५६मध्ये वडिलांचे निधन झाले. गायगॅक्स यांनी त्याच सुमारास माध्यमिक शिक्षण अर्धवट सोडले. ते काही काळ नौसैनिक दलात होते, परंतु न्यूमोनियामुळे तेथून लवकरच परत यावे लागले. नंतर त्यांनी शिकागोतील एका विमा कंपनीत कारकुनी केली. १९५८मध्ये मेरी जो पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली.

युद्धखेळांचा नाद

१९५८च्या अखेरीस अॅव्हलॉन हिल कंपनीचा ‘गेटिसबर्ग’ हा युद्धखेळ त्यांच्या हाती आला. अमेरिकी यादवी युद्धातील एक लढाई पटावर पुन्हा लढण्याचा हा खेळ होता. या नादाने त्यांच्या नोकरीवर, संसारावर आणि झोपेवर परिणाम झाला. विमा-जोखीम ठरविण्याचे काम दिवसा आणि युद्धखेळांच्या हौशी नियतकालिकांसाठी लेखन रात्री, असा त्यांचा क्रम असे. घराच्या तळघरात त्यांनी वाळू भरलेले मोठे टेबल केले होते. त्यावर टेकड्या-दऱ्या रचून छोट्या सैनिक-प्रतिमांच्या लढाया होत.

१९६७मध्ये काही खेळगडी त्यांच्या घरी जमले. पुढल्या वर्षी, ऑगस्ट १९६८मध्ये, गायगॅक्स यांनी गावातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन पहिले खुले संमेलन भरवले. गावाच्या नावावरून त्याचे नाव जेन कॉन पडले. आज हे संमेलन इंडियानापोलिस शहरात भरते आणि तेथे हजारो लोक जमतात. १९६९च्या संमेलनात मिनेसोटाहून आलेल्या डेव्ह अर्नेसन या तरुणाशी गायगॅक्स यांची ओळख झाली.

१९७०मध्ये विमा कंपनीतील नोकरी गेली. दुसरी तशीच नोकरी शोधण्याऐवजी गायगॅक्स खेळांच्या संपादनाकडे वळले. त्यातून घर चालणे शक्य नव्हते म्हणून घरच्या तळघरात जोडे दुरुस्त करण्याचे काम त्यांनी पत्करले. १९७१मध्ये जेफ पेरेन यांच्या सहकार्याने लिहिलेली ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांच्या नियमांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस गायगॅक्स यांनी चौदा पानांची अद्भुतरम्य पुरवणी जोडली होती. त्या नियमांनुसार एक वीर चार सैनिकांइतका लढे आणि मांत्रिकाचा अग्निगोल दगडफेक्या यंत्रासारखा कोसळे. काही जुन्या युद्धखेळाडूंना हा प्रकार पोरकट वाटला, मात्र विक्री या पुरवणीमुळेच झाली.

ब्लॅकमूर आणि ग्रेहॉक

चेनमेलचे नियम घेऊन अर्नेसन यांनी मिनेसोटात निराळाच प्रयोग चालवला होता. त्यांच्याच गटातील डेव्हिड वेसली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या खेळात प्रत्येक खेळाडूला फौज देण्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली होती. अर्नेसन यांनी ही कल्पना ब्लॅकमूर या काल्पनिक प्रदेशात आणि त्याच्या किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. पात्र एका बैठकीपुरते न राहता अनुभवाने बळावत पुढच्या बैठकीत येऊ लागले. एका घावात मरण्याऐवजी त्याची जीवशक्ती आकड्यांनी मोजली जाऊ लागली.

१९७२च्या अखेरीस अर्नेसन लेक जिनिव्हाला आले आणि त्यांनी गायगॅक्स यांना ब्लॅकमूरचा खेळ खेळवून दाखवला. गायगॅक्स यांनी नियमांची मागणी केली तेव्हा अर्नेसन यांच्याकडून जेमतेम वीस पानांची टिपणे आली. बाकीचे सारे अर्नेसन यांच्या डोक्यात होते. गायगॅक्स यांनी त्यावरून काही आठवड्यांत ५० पानांचा मसुदा तयार केला. तो वाढत वाढत १५० पानांचा झाला.

मसुद्याची परीक्षा घरातच झाली. ग्रेहॉक नावाच्या उद्ध्वस्त किल्ल्याखालच्या भुयारांचा नकाशा गायगॅक्स यांनी काढला आणि आपली शाळकरी मुले अर्नी व एलिझ यांना त्यात उतरवले. मुलांना पहिल्या रात्री ३,००० तांब्याची नाणी सापडली, पण ती इतकी जड होती की उचलून नेता येईनात. मुले हिरमुसली, आणि ती झोपायला गेल्यावर वडील भुयाराचा दुसरा मजला आखायला बसले. दुसऱ्या दिवसापासून बालमित्र डॉन के आणि शेजारपाजारची तरुण मंडळीही येऊ लागली. या खेळाची सुरुवात कशी करावी असे विचारणाऱ्यास आजही हेच उदाहरण द्यावे लागते. गायगॅक्स यांच्यापाशी त्या वेळी जगाचा इतिहास नव्हता, देवदेवतांची वंशावळ नव्हती, की पूर्ण झालेले नियमही नव्हते. एक मजल्याचा नकाशा आणि दोन उत्सुक खेळाडू एवढ्यावर ग्रेहॉक सुरू झाले. जग नंतर, गरजेनुसार वाढत गेले.

प्रकाशन

अॅव्हलॉन हिल कंपनीने हा खेळ नाकारला. तेव्हा गायगॅक्स आणि डॉन के यांनी ऑक्टोबर १९७३मध्ये टॅक्टिकल स्टडीज रूल्स ही स्वतःची भागीदारी सुरू केली. यासाठी के यांनी आपल्या आयुर्विम्यावर १,००० डॉलर कर्ज काढले. तेवढ्याने भागेना म्हणून डिसेंबरमध्ये ब्रायन ब्लूम यांना २,००० डॉलरच्या गुंतवणुकीसह भागीदार करून घेण्यात आले. खेळाच्या नावासाठी गायगॅक्स यांनी शब्दांच्या याद्या केल्या होत्या. त्यातील डंजन्स आणि ड्रॅगन्स ही जोडी धाकटी मुलगी सिंडी हिला पसंत पडली.

जानेवारी १९७४मध्ये १,००० प्रती निघाल्या. लाकडाच्या रंगाच्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर. खोकी घरातच हाताने भरली जात. वर्षाच्या आत ही आवृत्ती संपली. खेळाला लागणारे चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे त्या काळी खेळण्यांच्या दुकानात मिळत नसत. गणिताच्या वर्गासाठी शालेय साहित्य पुरवणाऱ्यांच्या यादीत गायगॅक्स यांना ते सापडले होते.

जानेवारी १९७५मध्ये डॉन के यांचे वयाच्या ३६व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा हिस्सा विकत घेण्याइतका पैसा गायगॅक्स यांच्यापाशी नव्हता. ब्लूम आणि त्यांच्या वडिलांनी भांडवल घातले, नवी टीएसआर कंपनी उभी राहिली आणि गायगॅक्स आपल्याच उद्योगात अल्पमतात गेले. तेव्हा या गोष्टीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

नवशिक्यांसाठीचे लेखन

१९७४च्या तीन पुस्तिका युद्धखेळाडूने युद्धखेळाडूंसाठी लिहिलेल्या होत्या. लढाईसाठी वाचकाजवळ चेनमेल असेल असे त्यांत गृहीत होते. रानावनातील प्रवासासाठी अॅव्हलॉन हिलचा ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा दुसराच खेळ आणून त्याचा पट वापरावा अशी सूचना होती. पाळी कोणाची, सूत्रधाराने प्रथम काय बोलावे, पात्र मेल्यास पुढे काय, यांचा खुलासा कोठेही नीट नव्हता. ज्याने कोणाला खेळताना पाहिले होते त्यालाच हा खेळ कळे. त्यामुळे तो गुरुमुखातून शिकण्याच्या विद्येसारखा एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे पसरला, आणि ज्यांना गुरू मिळाला नाही त्यांनी पुस्तिकांतील रिकाम्या जागा स्वतःच्या नियमांनी भरल्या.

ही उणीव प्रथम भरून काढली ती जे. एरिक होम्स यांनी. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जाविज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या होम्स यांनी नवशिक्यांसाठी पुस्तिका संपादित करण्याची तयारी स्वतःहून दाखवली. १९७७मध्ये त्यांचा ‘बेसिक सेट’ निघाला. त्यात पात्राच्या फक्त पहिल्या तीन पातळ्यांचे नियम होते. फाशांचा तुटवडा पडला तेव्हा काही संचांत फाशांऐवजी आकडे छापलेले कागदी तुकडे दिले गेले. ते पेल्यात टाकून एकेक काढायचे.

गायगॅक्स यांनी स्वतः नवशिक्या सूत्रधारासाठी जे सर्वोत्तम लिहिले ते म्हणजे १९७९मधील ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही छोटी साहसपुस्तिका. पुढे ती बेसिक सेटसोबतच मिळू लागल्याने असंख्य घरांत तिच्यापासून खेळाला आरंभ झाला. तिची रचना साधी आहे. सरहद्दीवर एक किल्ला, जेथे पात्रे झोपतात, जेवतात, वस्तू विकत घेतात आणि अफवा ऐकतात. आणि तेथून जवळच एका दरीत गुहांची रांग, जेथे निरनिराळ्या राक्षसांच्या टोळ्या राहतात. अफवांपैकी काही खऱ्या, काही खोट्या. टोळ्यांचे आपसात वैर आहे, त्यामुळे तलवारीने न मिळणारा विजय कधी बोलणीने मिळू शकतो. किल्ल्यातील माणसांना गायगॅक्स यांनी नावे दिलेली नाहीत. किल्लेदार, लोहार, पुजारी एवढाच त्यांचा उल्लेख येतो; नाव आणि स्वभाव सूत्रधाराने द्यावा अशी योजना आहे. शिवाय एक गुहा मुद्दाम रिकामी सोडलेली आहे, तिचा नकाशा आणि आतले रहस्य वाचकाने स्वतः रचायचे. पहिले पान उघडणारा खेळाडू शेवटच्या पानापर्यंत छोटा लेखक व्हावा, ही यामागची दृष्टी होती. व्याकरण आधी न शिकवता निबंध लिहायला लावणाऱ्या शिक्षकाची ही पद्धत आहे.

पुस्तिकेतील उपदेशही व्यवहारी आहे. सूत्रधार खेळाडूंचा शत्रू नाही, त्याने निःपक्षपाती असावे. खेळाडूंनी आपसात सहकार्य करावे, एकाने चौकडीच्या कागदावर नकाशा काढत राहावे, आणि संकट झेपत नसेल तर पळून जाण्यात कमीपणा मानू नये.

याच काळात त्यांनी ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही प्रगत आवृत्ती तीन जाड ग्रंथांत लिहिली. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ १९७७मध्ये, ‘प्लेयर्स हँडबुक’ १९७८मध्ये आणि ‘डंजन मास्टर्स गाइड’ १९७९मध्ये निघाले. यांतील तिसरा ग्रंथ त्यांची सर्वात महत्त्वाची कृती मानला जातो आणि तो सर्वात अस्ताव्यस्तही आहे. त्यात नमुन्याचे भुयार आहे, खेळाच्या संवादाचा नमुना आहे, नुसत्या फाशांवरून भुयार रचण्याचे तक्ते आहेत, आणि आवडत्या कथालेखकांची एक परिशिष्टवजा यादीही आहे. भाषा मात्र लांबलचक वाक्यांची, जुन्या आणि दुर्मिळ शब्दांनी लगडलेली. शाळा अर्धवट सोडलेल्या या लेखकाने एका पिढीच्या मुलांना शब्दकोश उघडायला लावला, ही गोष्ट गमतीची असली तरी खरी आहे. सुरुवात करणाऱ्याने हा ग्रंथ पहिला वाचू नये.

या ग्रंथांत एक विसंगती आहे आणि ती गायगॅक्स यांच्या स्वभावातही होती. सूत्रधाराचा निर्णय नियमाहून वरचा, हे तत्त्व त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. पण ‘ड्रॅगन’ मासिकातील स्तंभांत तेच नियम बदलून खेळणारे लोक हा खेळ खेळतच नाहीत, असा कडक पवित्राही त्यांनी घेतला. संमेलनांतील स्पर्धांसाठी सर्वत्र सारखे नियम हवेत हे त्यांचे कारण होते. आपले अपत्य इतरांच्या हाती बदलत चालल्याचे दुःखही त्यामागे असावे.

अर्नेसन यांच्याशी वाद

अर्नेसन काही काळ टीएसआरमध्ये होते. १९७६मध्ये ते बाहेर पडले. प्रगत आवृत्ती हा वेगळा खेळ आहे असे धरून कंपनीने तिचे मानधन त्यांना दिले नाही, तेव्हा १९७९मध्ये त्यांनी दावा लावला. १९८१मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. मूळ कल्पना कोणाची आणि खेळ कोणाचा या प्रश्नावर खेळाडूंमध्ये अजूनही दोन तट आहेत. पात्र, भुयार आणि बळावत जाणारा अनुभव यांचा संगम अर्नेसन यांनी घडवला. तो अनोळखी माणसाला टपालाने पाठवता येईल अशा लिखित रूपात गायगॅक्स यांनी आणला. यांपैकी एकाच्याही अभावी हा खेळ मिनेसोटातल्या एका तळघरातच राहिला असता.

आक्षेप

१९७९मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि त्याचा संबंध या खेळाशी जोडला गेला. तो तर्क चुकीचा ठरला, पण वृत्तपत्रांनी खेळाचे नाव घरोघरी पोहोचवले होते. पुढे काही धार्मिक आणि पालक संघटनांनी हा खेळ मुलांना चेटूक व आत्महत्या यांकडे नेतो असा प्रचार केला. १९८५मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात गायगॅक्स यांनी त्यावर उत्तर दिले. या गदारोळाने विक्री घटली नाही, उलट वाढली. गायगॅक्स यांना मात्र धमक्या आल्या आणि काही काळ अंगरक्षक ठेवावा लागला.

कंपनीतून बाहेर

१९८०च्या दशकाच्या आरंभी ब्लूम बंधूंकडे कंपनीचा कारभार राहिला आणि गायगॅक्स यांना खेळावर आधारित चित्रपट व मालिकांसाठी कॅलिफोर्नियाला धाडण्यात आले. १९८३मध्ये सीबीएसवर व्यंगचित्र-मालिका सुरू झाली, चित्रपट मात्र झाला नाही. त्याच सुमारास त्यांचा पहिला विवाह संपुष्टात आला. इकडे कंपनी कर्जात बुडत होती. गायगॅक्स परत आले, १९८५मध्ये त्यांनी कंपनीचा ताबा मिळवला आणि ‘अनअर्थ्ड अर्केना’ यासारख्या पुस्तकांनी थोडी उभारीही आणली. व्यवस्थापनासाठी त्यांनीच लॉरेन विल्यम्स यांना कंपनीत घेतले होते. ब्लूम बंधूंनी त्याच वर्षी आपले समभाग विल्यम्स यांना विकले आणि बहुमत त्यांच्याकडे गेले. गायगॅक्स न्यायालयात हरले. १९८६च्या अखेरीस ते टीएसआरमधून बाहेर पडले. त्यांच्या मुलांनी पहिल्या रात्री पाहिलेले ग्रेहॉक आता त्यांच्या मालकीचे राहिले नव्हते.

गॉर्ड या चोर-नायकाच्या कादंबऱ्या लिहिण्याचा हक्क तेवढा त्यांच्याकडे उरला. १९८८मधील ‘डान्स ऑफ डीमन्स’ या शेवटच्या कादंबरीत त्यांनी ते सारे जगच नष्ट करून टाकले.

उत्तरायुष्य

१९८७मध्ये गेल कार्पेंटर यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांना अॅलेक्स हा मुलगा झाला. त्याच वर्षी ‘रोल-प्लेइंग मास्टरी’ आणि १९८९मध्ये ‘मास्टर ऑफ द गेम’ ही त्यांची दोन पुस्तके निघाली. कोणत्याही एका खेळाचे नियम न सांगता चांगला खेळाडू व चांगला सूत्रधार कसे व्हावे याचे विवेचन त्यांत आहे. त्यांची स्वतःची नवी कंपनी टिकली नाही. १९९२मधील ‘डेंजरस जर्नीज’ या खेळावर टीएसआरने दावा लावला. १९९४मध्ये तडजोड होऊन टीएसआरने त्याचे हक्क विकत घेतले आणि खेळ बाजूला ठेवून दिला. १९९९मध्ये ‘लेजंडरी अॅडव्हेंचर’ हा खेळ त्यांनी प्रसिद्ध केला. त्याचे नियम आधीच्या खेळांच्या मानाने पुष्कळ सुटसुटीत होते.

१९९७मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली. नव्या मालकांनी गायगॅक्स यांच्याशी सलोखा केला, त्यांचे उरलेसुरले हक्क विकत घेतले आणि ड्रॅगन मासिकात त्यांचा स्तंभ पुन्हा सुरू झाला. २०००मध्ये ‘फ्युचुरामा’ या मालिकेच्या एका भागात त्यांनी स्वतःच्याच पात्राला आवाज दिला.

२००४मध्ये त्यांना पक्षाघाताचे दोन झटके आले. प्रकृती ढासळत असतानाही लेक जिनिव्हातील घराच्या ओसरीवर पाहुण्या खेळाडूंसाठी त्यांचे टेबल मांडलेले असे. ४ मार्च, २००८ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. अर्नेसन यांचे निधन पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये झाले.

गायगॅक्स यांच्या अंत्यविधीसाठी लेक जिनिव्हात आलेले लोक नंतर खेळायला बसले. त्या बैठकीतून २००९मध्ये गॅरी कॉन हे संमेलन सुरू झाले. ते दरवर्षी मार्च महिन्यात भरते.